भिंतीचा पत्ता

खाणीतला जिप्सम संपून तेव्हा बारा वर्षं झाली होती. नवी भिंत जुन्या भिंतीतूनच घडे. पाडलेल्या घरांच्या भिंतींचे जिप्सम-बोर्ड, म्हणजे फळे, बुटीबोरीच्या कारखान्यात येत, दळले जात आणि भट्टीत तापत. दीडशे अंशांना जिप्समच्या स्फटिकांत अडकलेलं पाणी उडून जाई, भुकटी उरे. तिला पुन्हा पाणी दाखवलं की ती घट्ट होई. असं कितीही वेळा करता येई.

एकदा अशाच भुकटीतून अ‍ॅस्बेस्टॉस घरोघरी गेलं, माणसं दगावली. कुठलं घर, कुणालाच सांगता येईना. म्हणून डॉ. मृदुला कर्णिक यांनी 'खूणकण' शोधले. काचेचे हे सूक्ष्म कण भट्टीतही टिकत, आणि आपण आधी कुठल्या भिंतीत होतो ते सांगत. भिंतीला फोन टेकवून धरला की त्यावर पत्ता दिसे.

एका दुपारी भट्टीवरचे भागवत रोकडे कारखान्यातल्या त्यांच्या प्रयोगशाळेत आले.

"मॅडम, तीनशे फळे परत आले."

"काय दोष निघाला?"

"दोष नाही. पत्ता निघाला. रमाई टेकडी. आमची वस्ती. मागच्या साली पाडली ना, ती."

कर्णिकबाईंनी परतीची यादी हातात घेतली.

"ते कण काढून टाका," रोकडे म्हणाले.

"आणि पुन्हा विष आलं तर शोधायचं कसं?"

"ते तुम्ही बघा. पण आमच्या घराची माती झाली, तरी लोक विचारतातच की कुणाची?"

बाईंनी मधला मार्ग काढला. रोकड्यांच्या वस्तीपासून सुरुवात करून त्यांनी पत्त्यांना कुलूप घातलं. ते फक्त आरोग्य अधिकाऱ्यांना उघडता येणार होतं. हळूहळू सगळेच पत्ते बंद करायचे होते. पण पहिल्याच महिन्यात गिऱ्हाइकं म्हणू लागली, "लपवलंय म्हणजे तसलंच असणार." कुलूपबंद फळे आवारात पडून राहिले. उघड्या पत्त्यांचे मात्र संपू लागले.

पुढच्या वर्षी रोकड्यांना कारखान्याच्या वसाहतीत घर मिळालं. त्यांनी भरलेला भिंतींच्या मागणीचा कागद सहीसाठी बाईंच्या टेबलावर आला. 'पत्ता उघडा' या चौकोनात खूण होती. त्यांनी रोकड्यांना बोलावून घेतलं.

"हे चुकून झालंय का?"



"नाही मॅडम. मुलाचं लग्न ठरलंय, समाजाबाहेरची मुलगी आहे. तिच्या घरच्यांनी भिंतीला फोन लावला आणि कुलूप दिसलं तर?"

बाईंनी पेन उचललं. बराच वेळ ते कागदावर टेकलं नाही. मग त्यांनी सही केली.