पित्त नव्हतं ते

"ओ, ती व्हीलचेअर आमची आहे!"

मी अशी खेकसले की तो दचकून वळला. कपाळावर घाम, शर्टाला तांदळाचा कोंडा… आणि डोळ्यांत नुसती भीती. त्याचे वडील छाती धरून दारातच बसले होते. लोणावळ्याच्या त्या लहानशा हॉस्पिटलात धड चालणारी खुर्ची एकच, आणि ती मी आईसाठी धरून ठेवली होती.

"दे गं तेजल," आई म्हणाली. "त्यांना लय तरास हुतोय. मी चालंन की."

चालंन म्हणे! सकाळपासून तिचा जबडा ओढत होता, पाठ भरून आली होती, दोन पावलांत धाप लागत होती. पण आमच्या औंढ्याच्या घरात रीतच तशी. बाईचं दुखणं डॉक्टरला सांगायचं ते पुरुषानं. बाबा गेल्यापासून ते काम बजरंगमामाकडे.

"काय होतंय?" डॉक्टरांनी आईला विचारलं.

"पित्त हाय सायेब," मामा बोलला. "नवरात्राचं उपास धरल्यात तिनं."

आईनं फक्त पदर सावरला. ईसीजी बरा आला. पित्ताचं इंजेक्शन देऊन झालं, घरी न्या म्हणाले. शेजारच्या कॉटवर त्या मुलाचे वडील होते, सखारामआबा; त्यांचा ईसीजीही तसाच बरा आला होता. पण त्यांचं रक्त लगेच तपासायला गेलं आणि पुण्याच्या हॉस्पिटलला फोनही झाला. माझं डोकंच फिरलं.

तेवढ्यात तो मघाचा मुलगा आईसमोर उकिडवा बसला. गौरव त्याचं नाव. कामशेतला त्यांचं तांदळाचं दुकान.

"मावशी, नेमकं कुठं दुखतंय?"

आईनं मामाकडे पाहिलं.

"त्यांच्याकडे नका बघू. तुम्हीच सांगा."

"जबड्यात वढतंय रं बाबा," आई हळूच म्हणाली. "भाकरी थापताना हात जड पडतोय… नवरात्र बसल्यापासनं."

गौरवचा चेहरा उतरला. उठून तो माझ्याजवळ आला. "माझ्या आईलाही गॅसच म्हणाले होते," तो म्हणाला. "आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. ती गेली."

मग काय! मी तडक डॉक्टरांपुढे जाऊन उभी राहिले. "आबांची केलीत ती तपासणी माझ्या आईची करा. त्याशिवाय मी इथून हलणार नाही." मामा मागून माझी ओढणी ओढत होता. डॉक्टर वैतागले, पण रक्त घेतलं.

आबांची ॲम्ब्युलन्स आली. गौरवचा मोठा भाऊ समर्थ त्यांच्याबरोबर चढला. हा मात्र तिथंच उभा!

"अहो, जा ना! वडील आहेत तुमचे."

"दादा आहे त्यांच्याबरोबर. तुमचा रिपोर्ट येऊ द्या."

"आणि चांगला आला तर?"

"तर व्हीलचेअरवरून भांडू… अर्धवटच राहिलंय आपलं."

अशा वेळी मला हसू आलं, आणि हसल्याची लाजही वाटली. तो मात्र माझ्याकडे बघत राहिला… मीच नजर वळवली.

रिपोर्ट घेऊन डॉक्टर स्वतः धावत आले. माझ्याकडे न बघताच म्हणाले, "हार्ट ॲटॅक आहे. ताबडतोब पुण्याला हलवा."

पुण्यात आबांच्याच हॉस्पिटलात अँजिओग्राफी झाली. मुख्य रक्तवाहिनी जवळजवळ बंद. लगेच स्टेंट घालावा लागेल, म्हणाले. सगळ्यांनी मामाकडे पाहिलं.

"बाईमाणसाला कशाला त्या जाळ्या-बिळ्या?" मामा चाचरला. "गोळ्या द्या. भातकाढणी झाली की बगू."

त्याच मजल्यावर आबांचा स्टेंट घालून झालाही होता. तिथं भाताचं नाव कुणी काढलं नव्हतं. मी तोंड उघडणार, तोच आईनं ऑक्सिजनचा मास्क बाजूला केला.

"दादा, गप. माज्या अंगाचं मी सांगते. डॉक्टर, करा तुमी."

तिला आत नेल्यावर मामा भिंतीला टेकून हमसून रडला. "तुज्या आईला खरंच पित्त झालंय असं वाटलं गं मला."

आई वाचली. पण उशीर झाला होता. हृदयाचा थोडा भाग कायमचा कमजोर राहील, डॉक्टर म्हणाले. पुन्हा शेतात वाकून लावणी करणं तिला जमणार नाही. मी जिन्यात जाऊन मनसोक्त रडले. आबांना बघून गौरव खाली आला आणि चहाचे दोन कप घेऊन शेजारी बसला. समजूत घालत बसला नाही, ते एक बरं केलं.

"गौरव… ऐका. आमच्याकडच्या बायका दुखलेलं सांगत नाहीत, आवडलेलंही सांगत नाहीत. मी सांगणार आहे. मला तुम्ही आवडलात."

त्यानं कप पायरीवर ठेवला, पुन्हा उचलला.

"बोला की! का मामाला बोलावू, तुमच्या वतीनं बोलायला?"

तो हसला, आणि हसता हसता त्याचे डोळे भरून आले.

"आई गेल्यापासून हॉस्पिटलात पाऊल ठेवलं की पळून जावंसं वाटायचं," तो म्हणाला. "आज आबांची गाडी समोरून गेली, तरी तुम्हाला सोडून जाववेना. मला भीतीच वाटली, की तुमच्या आईला काही झालं तर तुम्हाला कोण सांभाळणार… तेजल, मला आयुष्यभर तुमच्याजवळ थांबायचंय."

मी काही बोलणार, तेवढ्यात नर्सची हाक आली. आईनं मला बोलावलं होतं. मी डोळे पुसून उठले, आणि तोही माझ्याबरोबर उठला.