खंडेनवमीला उघडलेलं मशीन

पटत नसेल तर किकवीला जा. हायवे सोडून थोडं आत हनुमंतचं घर आहे. मागं पत्र्याची शेड, कुलूप लावलेली. चावी मागून बघा.

देणार नाही.

हे त्यानं स्वतः सांगितलेलं आहे. एका दमात नाही, तुकड्यातुकड्यानं. पदरचं एक अक्षर घातलेलं नाही.

रात्र नव्हती. अमावस्याही नव्हती. गेल्या वर्षीची खंडेनवमी, दुपारचे अडीच. लाईट सकाळपासून गेलेली.

हनुमंतनं दलालाकडून लोखंड कापायचं जुनं मिलिंग मशीन आणलं होतं. वर नवा हिरवा रंग. लोखंड बांधायच्या टेबलाच्या स्क्रूला मात्र प्ले आलेला, म्हणजे हँडल फिरायचं पण टेबल जागचं हलायचं नाही. तेवढं दुरुस्त केलं की स्वतःचं वर्कशॉप सुरू. वीस वर्षं दुसऱ्याच्या कारखान्यात फोरमनकी करून झाली होती.

बायको, रत्ना, झेंडूची माळ घेऊन दारात आली.

"आज हत्याराला हात लावत न्हाईत. पूजा करा अन् बाहेर या."

"अगं, मी मशीन चालवतोय का? उघडून बघतोय. डॉक्टर काय नवमीला पेशंट तपासत न्हाई व्हय?"

"लई शाणे तुमी." माळ हँडलला अडकवून ती घरात गेली.

हनुमंतनं लाल स्विचची डबी उघडली. हा स्विच दाबला की चालतं मशीन जागच्या जागी थांबतं.

आत वायरीच्या जोडावर काळी टेप होती... तीन वेढे, अन् टोक आत दुमडलेलं.

अशी टेप तो स्वतः गुंडाळायचा.

नखानं हिरवा रंग खरवडला. खाली निळा.

सावळारामचं मशीन.

सावळाराम, हनुमंतच्या हाताखालचा कामगार, गेला त्याआधी तीन वर्षांपूर्वी. खंडेनवमीलाच. ऑर्डर जायची होती म्हणून मालकानं मशीन बंद ठेवू दिलं नाही. बाही कटरमध्ये गेली. त्यानं लाल स्विच दाबला. मशीन थांबलं नाही.

स्विच आधीच बिघडलेला होता.

नाही. परत सांगतो. इथं हनुमंतनं मलाही आधी खोटंच सांगितलं होतं.

स्विच मालकानं काढायला लावला.

परत.

स्विच सारखा ट्रिप होत होता, मशीन मधेच बंद पडायचं. मालक म्हणाला, काम थांबता कामा नये. स्विचची वायर हनुमंतनं काढली. चौकशीवाले यायच्या आत परत जोडली, टेप मारली. आणि जबाब दिला, सावळाराम प्यायला होता.

सावळाराम माळकरी होता. थेंबाला शिवत नव्हता.

"लोखंडाला कुठं आठवण असती..." हनुमंत मोठ्यानं म्हणाला. शेडमध्ये दुसरं कुणी नव्हतं.

एक नट आत पडला होता. त्यानं डावा हात टेबलामागच्या फटीत घातला.

टक्.

समोरचं हँडल मापाची एक रेघ पुढं सरकलं. झेंडूची माळ हलली.

प्लग जमिनीवर पडलेला. लाईट नाही.

टक्.

टेबल मनगटाला टेकलं.

त्यानं उजव्या हातानं हँडल उलटं फिरवलं. फिरलं... पोकळ फिरलं. टेबल हललं नाही. लाल स्विच दाबला. दाबतच राहिला.

टक्.

"रत्ना!"

घर दहा पावलांवर. कुणी आलं नाही.

खिशातून मोबाईल काढून त्यानं रत्नाचा नंबर लावला. लागला.

"बोला भावजी."

आवाज रत्नाचा नव्हता.

स्क्रीनवर नाव होतं... सावळाराम मिलिंग.

नंबर आता त्याच्या बायकोकडं होता. फुलाबाई. वेल्ह्याकडं, पाली गावात राहायची.

"वहिनी, हात अडकलाय... माझी चूक न्हवती, मालक म्हणले..."

टक्.

"त्या दिवशी सावळाराम प्या..."

टक्. टक्.

आत काहीतरी मोडलं. तो ओरडला, "न्हवता! प्यायला न्हवता! वायर म्या काढली! जबाब खोटा दिला!"

हँडल थांबलं.



"झालं सांगून?"

"व्हय, वहिनी. माफ करा..."

"फोन ठेवू नका. हे म्हणत्यात, आता शेवटपर्यंत ऐकायचं."

टक्.

हात मनगटापासून गेला. रत्ना अजून सांगते, शेडमधून यांची हाक आलीच नाही. मशीन चालल्याचा आवाज मात्र येत होता. तिला वाटलं, लाईट आली.

लाईट संध्याकाळी सहाला आली.

दिवाळी झाल्यावर हनुमंत रत्नाला घेऊन एसटीनं पालीला गेला. पाय धरायचे होते. जबाब बदलायला तयार आहे, हेही सांगायचं होतं.

फुलाबाई ओसरीत शेंगा निवडत बसली होती. त्याच्या हाताकडं तिनं बघितलं नाही.

"बसा. च्या टाकते."

"वहिनी, त्या दिवशी फोनवर..."

"आला हुता की. ऐकला."

"आता तरी... सुटलो का मी?"

"ते मला कसं कळावं? त्यांचं ते बघत्यात." तिनं पदराखालून मोबाईल काढला, चार्जिंगला लावला. मग आवाज मोठा केला.

"कुणाचा फोन यायचाय?" रत्नानं विचारलं.

"मालकाचा."