आता तुमची पाळी

मोबाइल ठेवा बघू खाली. आणि तू रे, दात काढू नकोस! हे माझ्या सख्ख्या मेहुणीच्या बाबतीत घडलंय, कुठलं ऐकीव नाही.

मेहुणी नर्स. हृदयाच्या ऑपरेशननंतर लहान मुलांना ठेवतात त्या आयसीयूत. गेल्या वर्षीची सोळा डिसेंबरची रात्र. कोपऱ्यातल्या खाटेवर एक चिमुरडी, त्याच दिवशी ऑपरेशन झालेली. मेहुणी तिच्या लघवीची बाटली घेऊन लॅबकडे निघाली होती. मोठ्या डॉक्टरांची सक्त ताकीदच होती, ही तपासणी त्याच रात्री झाली पाहिजे. किडनीला धक्का बसला तर रक्तात कळायला दोन-दोन दिवस जातात, लघवीत काही तासांत कळतं.

ही ताकीद आली त्याआधीच्या एका पोरामुळे. खाट तीच. भारी लाघवी पोरगं. सूज बघायला मेहुणी त्याच्या नडगीवर अंगठा दाबायची. खळगा राहिला तर सूज. तो लगेच तिचं मनगट धरायचा, "आता तुमची पाळी!" म्हणायचा आणि आपला इवलासा अंगठा दाबायचा. रक्ताचा पहिला रिपोर्ट छान आला. नडगीवर खळगा राहायला लागला तोवर किडन्या कामातून गेल्या होत्या. पोर हाती लागलं नाही.

तर त्या रात्री लिफ्ट बंद. लॅब पार तळघरात. आणि बाईंचे पाय बोलायला लागलेले. ती माघारी फिरली. मुलीच्या नडगीवर अंगठा दाबून बघितला. खळगा नाही. लघवीही भरपूर. "ठणठणीत आहे की. सकाळी नेऊ," म्हणत तिनं बाटली फ्रिजात ठेवली. झालं! ज्या अंगठ्यानं एकदा दगा दिला, त्याच्यावरच पुन्हा विसंबली. असा राग येतो ना मला!

अडीचचा सुमार. ती खाटेला लागून खुर्चीत बसलेली. दिवे मंद केलेले. मशीनचा बारीक टूं टूं आवाज.

कुणीतरी तिचं मनगट धरलं.

हात लहान. गार. फुगलेला...

तिला वाटलं, मुलगी जागी झाली. पाहिलं, तर मुलगी औषधाच्या गुंगीत. दोन्ही हात पांघरुणात.

मनगटावर अंगठा दाबला गेला. हळूच. मग जोरात. आणखी जोरात...

"आता..."

पुढे काही नाही. नुसतं टूं टूं.

तिनं सोबतच्या नर्सला हाक मारली, बाटली घेतली आणि जिन्यावरून धावत सुटली. उजाडायच्या आत रिपोर्ट आला. वाईट. डॉक्टर घरच्या कपड्यांतच पळत आले. किडनीला जड जाणारं एक औषध तिथल्या तिथे बंद केलं, सलाइन बेतानं सोडलं. "सिस्टर, सकाळवर ढकललं असतं तर हीसुद्धा गेली असती," म्हणाले. मेहुणी भिंतीला टेकून ढसाढसा रडली. मुलगी पुढे आपल्या पायांनी घरी गेली.

परवा मेहुणी आली होती. मी म्हटलं, दाखव. तिनं बाही वर केली. मनगटावर खळगा. इवलासा. सूज नाही, दुखणं नाही, डॉक्टरांनाही काही सांगता येत नाही. मी त्याच्या शेजारी माझा अंगठा दाबून बघितला.

माझा खळगा लगेच भरून आला.

तो मात्र... तसाच होता.