काचघरातली केळी

“मला परवा माहेरी धाडणार आहेत, दीदी. कायमचं. आणि तेही केळ्यांवरून!” बिनिता म्हणाली आणि मग तिला रडू आवरेना.

सुभद्रा थुलुंगने तोंडातली छुर्पी, वाळवून दगडासारखं केलेलं चीज, या गालातून त्या गालात ढकलली. कालिम्पोंगच्या बाजारात, नोर्देन लेप्चाच्या औषधाच्या दुकानाच्या माडीवर तिची कचेरी होती. हरवलेली कुत्री, पळालेले जावई, जमिनीच्या हद्दी, असली कामं तिच्याकडे येत. केळ्यांचं प्रकरण हे पहिलंच.

नोर्देनने खालून पाण्याचा ग्लास आणला आणि खुर्ची ओढून तोही बसला. त्याला कोणी बस म्हणत नसे आणि त्यावाचून त्याचं कधी अडतही नसे.

“पहिल्यापासून सांग,” सुभद्रा म्हणाली.

बिनिताचा नवरा फौजेत, लांब सीमेवर. घरात ती आणि सासरे हर्कजित मोक्तान, दोघंच. सासऱ्यांचा सगळा जीव त्यांच्या सुनाखरींत, म्हणजे ऑर्किडांत, आणि त्यातही एका पांढऱ्या झाडात. ते झाड सासूबाईंनी बीपासून वाढवलं होतं. त्या गेल्या, झाड राहिलं. यंदा त्याला पहिल्यांदाच भरघोस तुरा आला होता. रविवारच्या प्रदर्शनात त्याला सासूबाईंचं नाव द्यायचं, असं सासऱ्यांनी गावभर सांगून ठेवलं होतं. आणि काल, गुरुवारी सकाळी बघतात तर तुऱ्यातली खालची दोन फुलं मलूल, त्यांचे पांढरे ओठ, म्हणजे मधल्या खालच्या पाकळ्या, लालसर झालेले, आणि काचघरात पिकलेल्या केळ्यांची फणी!

“पिकल्या फळाच्या वाफेनं फुलं मरतात म्हणे. मला हे कालच कळलं. केळी मी पूजेसाठी आणली होती, स्वयंपाकघरातल्या शिंक्यात ठेवली होती. काचघरात कशी गेली, देव जाणे.”

“हे सासऱ्यांना सांगितलंस?”

“त्यांनी विचारलंच कुठे? ‘तूच केलंस,’ म्हणाले आणि झालं. त्या फुलाला रोज सकाळी विचारतात, कसं आहेस, रात्री थंडी वाजली का. मला एकदा तरी विचारावं ना, की बुहारी, सूनबाई, तू केलंस का?”

 सुभद्राला त्या म्हाताऱ्याचा राग आला होता, आणि राग आला की ती काम चांगलं करी.

“बुधवारी घरी कोण आलं होतं?”

“बाहेरचं कोणी नाही. मंगळवारी आले होते सगळे.”

प्रदर्शनाआधी एकमेकांची फुलं बघायला जायचं, चहा प्यायचा, तोंडावर वाहवा करायची आणि फाटकाबाहेर पडताच नाकं मुरडायची, ही इथल्या फुलवेड्यांची रीतच. मंगळवारी तिघं आले होते: मेजर तिलबिक्रम गुरुंग, नर्सरीवाली मिंगमा शेर्पा, आणि सासूबाईंचे धाकटे भाऊ केसरमान मामा.

हर्कजित मोक्तानने काचघराचं दार उघडलं ते कपाळाला आठ्या घालूनच.

“सुनेनं पाठवलं ना? बघा. हात कशाला लावू नका.”

आत शेकडो कुंड्या होत्या आणि सगळी फुलं टवटवीत होती. पांढऱ्या झाडावर मलमलीची पिशवी होती, तिचं तोंड तळाशी दोरीनं आवळलेलं.

“ही कशाला?” नोर्देनने विचारलं.

“मधमाशी शिरू नये म्हणून. प्रदर्शनाचं फूल कोणी उघडं ठेवतं का?”

हर्कजितने पिशवी वर सरकवली. वरची फुलं दुधासारखी पांढरी होती. खालच्या दोघांनी मात्र मान टाकली होती. पिशवीच्या चुण्यांतून काहीतरी खाली पडलं. भाताच्या अर्ध्या दाण्याएवढं, पांढरं, आतून पोकळ.

“किड्याचं कवच,” असं म्हणून नोर्देन ते झटकणार, तेवढ्यात सुभद्राने ते उचलून कागदाच्या पुडीत ठेवलं.

“केळी कुठे होती?”

“त्या तिथे दाराजवळ, वरच्या झरोक्याच्या बरोब्बर खाली. आणि झरोका सताड उघडा! मार्चातली थंडी, मी रोज संध्याकाळी तो स्वतः लावतो. बुधवारी पाणी घातलं, झरोका लावला, घरात गेलो. तेव्हा केळी नव्हती. सुनेच्या हातून एक काम धड होत नाही.”

“झरोका तिनं का उघडला असेल?”

“ते तिला विचारा.”

“तुम्ही विचारलंत?”

हर्कजित शेजारच्या कुंडीची कड पुसू लागला.

मेजर गुरुंग आपल्या पिवळ्या फुलांना ब्रशने झाडत होते. मोक्तानचं फूल गेल्याचं त्यांना कळलं होतं, आणि दुःख झाल्याचं ते काही दाखवत नव्हते.

“मोक्तान म्हणतो काय, माझं पिवळं फूल म्हणजे हळदीचा डाग! मंगळवारी, सगळ्यांसमोर! तिथून उठलो तो त्या रस्त्याला पुन्हा फिरकलो नाही.”

“आता पहिलं बक्षीस तुमचंच,” नोर्देन म्हणाला.

“आणि गाव म्हणणार, समोर कोणी नव्हतं म्हणून मिळालं! असलं बक्षीस घेऊन मी काय चाटू?” मेजर कडाडले. तरी डोळ्यांतलं समाधान लपत नव्हतं, आणि नोर्देनने बाहेर पडताच जाहीर केलं, “हाच तो.”

मिंगमा शेर्पाच्या नर्सरीत काही फुलांच्या देठांना रंगीत दोरे बांधलेले होते.

“आमची लग्नं लावलेली फुलं आहेत ती,” मिंगमा हसली. “एकाचा पराग काढायचा, दुसऱ्याला लावायचा. ज्याला लावला त्याच्या देठाला दोरा, म्हणजे शेंग कोणाची ते विसरत नाही. त्या म्हाताऱ्या मोक्तानबाजेंकडे मी त्या पांढऱ्याचा एक कंद कितीदा मागितला. म्हणाले, बायकोची आठवण विकत नसतात.”

“मग नुसता पराग?”

“मिळाला तर नाचेन! सात-आठ वर्षांनी त्याची लेकरं माझ्याकडे फुलतील.” तिने काडीचं टोक एका फुलाच्या मध्यभागी हलकेच लावलं. इवलीशी पांढरी टोपी निघाली आणि काडीला दोन पिवळे कण चिकटले. “बघा, झालं. आता फुलाला वाटणार, आपलं काम संपलं. एखाद्या दिवसात ओठ लाल करील आणि मान टाकील.”

सुभद्राने पुडी चाचपली. नोर्देनचे डोळे विस्फारले. रस्त्यावर येताच तो म्हणाला, “हीच ती! मेजर नव्हेच.”

“तासाला एक चोर धरतोस, दाजू. चल, तिसऱ्याकडे जाऊ.”

केसरमान मामाचं घर म्हणजे एक खोली आणि कुंड्यांनी भरलेला व्हरांडा. म्हातारा एकटाच राहत होता. त्याने दोघांना तोंगबा, नाचणीची गरम दारू, पाजायचा आग्रह केला.

“बिचारी पोर! रोज संध्याकाळी तिच्या हातचा चहा पितो मी, चुलीपाशी बसून. भिनाजूंनी फार घाई केली.” भिनाजू म्हणजे बहिणीचा नवरा, हर्कजित.

“तसं त्यांना सांगितलंत?”

“त्या माणसाला कोण सांगणार? माझ्या दीदीनं मला त्या झाडाचा एक कंद कबूल केला होता. आम्ही दोघांनी मिळून रोपं लावली होती ती. ती गेली, आणि भिनाजूंनी कुंडीला हातसुद्धा लावू दिला नाही.”

व्हरांड्यात तांबूस फुलांचा एक तुरा होता. साधंच झाड, पण फुलं ताजी. त्यातलं एकच फूल लोंबत होतं आणि त्याच्या देठाला लाल दोरा होता.

“याला काय झालं?” सुभद्राने विचारलं.

“गोगलगाय लागली. पडू नये म्हणून दोरा बांधलाय, आधाराला.”

दोऱ्याची दोन्ही टोकं मोकळी लोंबत होती. सुभद्राने छुर्पी कडकन चावली.

शनिवारी सकाळी तिने सगळ्यांना मोक्तानच्या काचघरात बोलावलं. दाराशी बिनिताची पत्र्याची पेटी बांधून तयार होती. मेजर हर्कजितकडे पाठ करून उभे राहिले.

“बाजे, वाफ काही निवडून फुलं मारत नाही,” सुभद्राने सुरुवात केली. “केळ्यांनी मारायचीच तर अख्खा तुरा गेला असता, शेजारच्या कुंड्याही गेल्या असत्या. इथे दोनच गेली. का, ते या पुडीत आहे.”

हर्कजितने चष्मा लावला. ते पांढरं टोपडं तळहातावर घेतलं आणि त्याचा चेहरा उतरला.

“टोपी आहे ही. परागाची.”

“ओठ लाल झालेले पाहिल्याबरोबर तुम्हीही ओळखलं असतंत. पण आधी केळी दिसली, आणि मग तुम्ही फुलाकडे नीट बघितलंच नाही. केळी त्यासाठीच ठेवली होती.”

“पिशवी बांधलेली होती!”

“मधमाशी पिशवी सोडून पुन्हा बांधत नाही. मंगळवारी चहाच्या गडबडीत कोणीतरी पराग काढला. इथवर तिघांवरही संशय जातो.”

मिंगमाचा रंग उडाला. नोर्देन विजयी मुद्रेने तिच्याकडे बघू लागला.

“पण केळी बुधवारी आली, बाजे झरोका लावून गेल्यावर. स्वयंपाकघरातल्या शिंक्यातून! मेजर आणि मिंगमा मंगळवारनंतर या फाटकात आले नाहीत. आले असते तर बिनितानं सांगितलं असतं. ती मला म्हणाली, बाहेरचं कोणी आलं नाही. खरंच बोलली ती. रोज चुलीपाशी बसून चहा पिणाऱ्याला कोणी बाहेरचं म्हणत नाही.”

सगळ्यांच्या नजरा केसरमान मामाकडे वळल्या.

“मग सूनच का नाही?” मेजर पाठ न वळवता म्हणाले.

“झरोक्यामुळे. फुलं मारायला केळी ठेवणारा झरोका उघडेल का? वाफ सगळी वर निघून जाणार! केळी दिसायला तर हवीत, पण बाकीच्या फुलांना इजा होता कामा नये, असं ज्याला वाटलं त्यानं तो उघडला. वाफेचं ज्ञान असलेला आणि फुलांवर जीव असलेला माणूस. बिनिताला तर वाफेचं गुरुवारपर्यंत ठाऊकच नव्हतं. मामा, आधाराचा दोरा काठीला बांधतात. तुमचा कशालाच बांधलेला नाही. तो खुणेचा दोरा आहे.”

केसरमान मामा खाली कुंड्यांच्या फळीवर बसला.

“सगळी फुलं गेली असती झरोका लावला असता तर,” तो पुटपुटला. “माझी दीदी रोज रात्री या फुलांशी बोलायची. बुधवारी आलो तर ओठ लाल व्हायला लागलेला. घाबरलो. मला फक्त तिच्या झाडाचं बी हवं होतं, भिनाजू. फुलेपर्यंत मी जगेन की नाही, तेही ठाऊक नाही.”

“पराग चोरलात ते मी समजू शकते,” सुभद्रा म्हणाली. तिचा आवाज चढला होता. “पण जिच्या हातचा चहा प्यालात, तिच्याच शिंक्यातली केळी उचललीत! ती घराबाहेर निघाली तरी तोंड उघडलं नाहीत. याला काय म्हणायचं?”

मामाने बिनिताकडे बघितलं नाही. त्याला बघवलं नसतं.

हर्कजितने पांढऱ्या झाडावर पिशवी पुन्हा ओढली. मग म्हणाला, “ती शेंग ठेव, केसर. प्रदर्शन झालं की येऊन तुझा कंदही घेऊन जा. तिनं कबूल केला होता, तो मीच अडवला. त्यानंतर मात्र या घरात चहाला येऊ नकोस.”

मामा मान खाली घालून निघून गेला. हर्कजितने घसा खाकरला.

“बुहारी, ती पेटी आत ने.”

बिनिता जागची हलली नाही.

“काय झालं?”

“तुम्ही अजून विचारलं नाहीत, बाबा.”

म्हाताऱ्याला आधी कळलं नाही. त्याने सुभद्राकडे बघितलं, ती छुर्पी चघळत छताकडे बघत होती. नोर्देन काहीतरी बोलणार होता, सुभद्राने त्याच्या पायावर पाय दिला. हर्कजितने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. इतक्या वर्षांत तो सुनेकडे एवढा वेळ कधी बघत राहिला नसेल.

“बुहारी,” त्याने विचारलं, “तू केलं होतंस का?”

“नाही, बाबा.”

तिने पेटीची एक कडी धरली. दुसरी हर्कजितने उचलली.