राखून ठेवलेली खुर्ची

खुर्च्या दुरुस्त करणं दादाचं काम आणि त्या विकणं माझं. विकणं म्हणजे दुकानात उभं राहून घासाघीस करणं नव्हे. मी प्रत्येक खुर्चीचा फोटो काढते, मापं घेते आणि सगळा माल एक्सेलमध्ये भरते. एका खुर्चीला एक ओळ: नाव, लाकूड, उंची, वजन, फोटो आणि शेवटी साठा. फाइल तयार झाली की ती आमच्या ऑनलाइन दुकानावर एकदम चढवायची. एखादा स्वल्पविराम नको तिथे पडला तर अख्खी फाइल तोंडावर परत येते, म्हणून मी डोळ्यांत तेल घालून तपासते. दादा म्हणतो, "ठमे, एवढं लक्ष अभ्यासात घातलं असतंस तर..." आणि वहिनी ते वाक्य कधीच पुरं होऊ देत नाही. "तर तुमच्या खुर्च्या काय तुम्ही विकल्या असत्या? तुम्हाला गिऱ्हाईक बघितलं की खोकला येतो."

त्या आठवड्यात मात्र वहिनी घरी नव्हती. तिच्या पोटाचं ऑपरेशन झालं होतं. साधंच आहे, असं डॉक्टर म्हणाले होते. मग ताप चढला, उतरेचना, आणि तिला अतिदक्षता विभागात हलवलं. दादा बाहेर बाकावर बसून असे. एकाच नातेवाइकाला थांबायची परवानगी होती.

"तू कारखाना सांभाळ," तो मला म्हणाला. "हाताला काम असलं की डोकं ठिकाणावर राहतं."

कारखाना म्हणजे पत्र्याच्या छपराची एक लांबलचक खोली. एका टोकाला दादाचं लाकूडकाम, दुसऱ्या टोकाला माझं टेबल, मध्ये ओळीने माल. पॉलिशचा वास इतका मुरलेला की घरी गेल्यावर केसांना येतो. त्या वेळी मध्ये उभ्या होत्या त्या एका जुन्या दवाखान्यातल्या खुर्च्या. ती इमारत पाडायला काढली होती, तेव्हा तिथल्या प्रतीक्षागृहातलं सगळं सामान दादाने उचललं होतं. वेताच्या बैठकीच्या, सरळ पाठीच्या, एकीला झाकावं नि दुसरीला काढावं अशा. वहिनी आजारी पडायच्या आधीच त्याने सगळ्यांचा वेत नव्याने विणला होता.

सगळ्या सारख्या असल्यामुळे माझं काम सोपं होतं. एक ओळ भरली, खाली ओढली, कोड आणि फोटो तेवढे बदलले. फाइल चढवली. सगळ्या ओळी स्वीकारल्या गेल्या. साइट उघडून पाहिली तर एका खुर्चीखाली लिहिलं होतं, 'उपलब्ध नाही'.

माझ्या फाइलमध्ये तिचा साठा एक होता. मी फाइल पुन्हा चढवली. पुन्हा तेच. मग ती ओळ काढून टाकली आणि खुर्ची एकटी, हाताने भरली. पान ताजं केलं. उपलब्ध नाही.

मी साइटच्या मदत केंद्राला फोन लावला. एका मुलीने उचलला.

"मॅडम, ती खुर्ची राखून ठेवलेली दाखवतेय."

"कोणी?"

"ग्राहकाच्या जागी रिकामं आहे." पलीकडून कळफलकाची टकटक ऐकू आली. "आणि हे आजचं नाहीये. तुम्ही फाइल चढवायच्या आधीपासूनचं आहे."

"अहो, त्याआधी ती साइटवरच नव्हती."

"हो ना," ती हळू आवाजात म्हणाली. "तक्रार नोंदवून घेऊ का?"

घ्या म्हटलं. यंत्राचा घोळ, दुसरं काय. तरीही उठले आणि खुर्चीपाशी गेले.

ती ओळीच्या मधोमध होती. मी काढलेल्या फोटोत तिचा वेत ढोलकीच्या कातड्यासारखा ताणलेला आहे. आता बैठक मधून खाली गेली होती. तुटली नव्हती, सैलही पडली नव्हती. दाबली गेली होती. आजूबाजूच्या साऱ्या खुर्च्या ताठ.

मी बैठकीवर हात ठेवला. वेत कोमट होता. ऊन तिथवर येत नाही. मी हात सरकवला, तर थोडं पुढे अंगासारखं गरम लागलं. बसमध्ये चुकून परक्या माणसाला हात लागल्यावर घेतो, तसा मी झटक्यात मागे घेतला.

आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "माफ करा."

संध्याकाळी दादाला फोनवर सांगितलं. "वेत ओला राहिला असेल," तो म्हणाला. त्याचं लक्ष नव्हतं.

"वहिनी?"

"तशीच आहे. डॉक्टर म्हणतात, वाट बघा. आता हे एवढंच सगळ्यांच्या हातात आहे म्हणे."

दुसऱ्या दिवशी मी त्या खुर्चीकडे पाठ करून बसले. ते जास्त वाईट होतं. मग टेबल फिरवलं आणि तोंड करून बसले. केर काढताना तिच्या भोवतीने काढला. दार लावून घरी जावंसं वाटत होतं, पण घरी वहिनीची पाण्याविना सुकलेली कुंडी, तिची चप्पल, तिचा अर्धा वाचलेला पेपर. इथे निदान काम होतं. मी एक्सेलमध्ये पुढच्या मालाच्या ओळी भरत राहिले.

दुपार कलली होती. बाहेर कोणीतरी गाडी मागे घेत होतं. ते थांबलं, आणि मला तो आवाज आला.

वेताच्या खुर्चीतून माणूस उठतो, तेव्हा होतो तो आवाज. आधी पायांची करकर, मग वेताचा सुस्कारा.

मी मान वर केली. बैठक हळूहळू वर येत होती. एकेक पट्टी सरळ होत गेली.

मग ती ताठ झाली. इतरांसारखी.

मी पान ताजं केलं. उपलब्ध: एक.

सुटले, असं वाटायला हवं होतं. पण मला एकच प्रश्न पडला. इतके दिवस वाट बघून माणूस उठतो, तो कधी?

आत बोलावल्यावर.

मी दादाला फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. मग व्यस्त लागला. मग बंद.

मी चपला न घालताच दारापर्यंत गेले.

तेवढ्यात फोन वाजला. दादाचा होता. नुसता श्वास ऐकू येत होता.

"दादा, काय झालं? बोल ना!"

"पाणी मागितलं तिने," तो म्हणाला आणि लहान मुलासारखा रडायला लागला. "ताप उतरला गं. शुद्धीवर आली. पाणी प्यायली, आणि मला म्हणते कशी, दाढी करा आधी."

मी तिथेच उंबऱ्यात बसले. हसत होते की रडत होते, मला ठाऊक नाही. रस्त्यावरून जाणारा पोस्टमन थांबून पाहू लागला, तर त्यालाही सांगितलं, "वहिनी बरी आहे." तो म्हणाला, "वा, छान," आणि गेला.

खुर्ची त्याच आठवड्यात विकली गेली. मी स्वतः बांधली, स्वतः गाडीत चढवली. मदत केंद्रातून निरोप आला: तक्रारीत काही आढळलं नाही, प्रकरण बंद. मला तेवढं पुरेसं होतं.

वहिनी घरी आली ती निम्मी होऊन, पण जीभ शाबूत. आल्या आल्या तिने स्वयंपाकघराचा ताबा मागितला. आम्ही दिला नाही. दादा औषधं आणायला गेला, तेव्हा मी तिची वेणी घालत बसले होते. खिडकीतून सुरेख वारा येत होता. कितीतरी दिवसांनी माझे खांदे सैल झाले होते.

"तिथे भीती वाटायची का गं?" मी विचारलं.

"छे. मला कुठे काही कळत होतं?" ती डोळे मिटून म्हणाली. "एवढंच आठवतं, दारात एक गृहस्थ येऊन उभे राहिले. फार सभ्य. म्हणाले, आत येऊ का? मी म्हटलं, आज नको, आमचे हे यायचेत. तर म्हणाले, बरं, काही हरकत नाही."

माझे हात थांबले. "मग?"

"मग शेजारच्या खाटेवरच्या आजींना विचारलं त्यांनी."

"त्या काय म्हणाल्या?"

वहिनीने मान जराशी वळवली, वेणी नीट बसावी म्हणून.

"त्या म्हणाल्या, या ना. कधीची वाट बघतेय."