बोटं न उमटलेले उंडे

लाइट आता तासभर तरी येत नाही, तेव्हा मेणबत्ती राहू दे इथंच. तुम्ही आमच्याकडं नवीन रुजू झालात आणि गुरुवारी कोल्ड रूममध्ये एकटं जायला बायका का नको म्हणतात, असं विचारलंत. सांगते. माझ्यामागं सगळे बोलतातच, त्यापेक्षा माझ्या तोंडून ऐकलेलं बरं.

गोठवलेल्या कणकेचं हे सगळं खूळ माझ्या नवऱ्याचं, अनिरुद्धचं. हडपसरला आयटीवाल्यांच्या सोसायट्या उभ्या राहिल्या, नवरा-बायको दोघंही उशिरा घरी यायला लागले आणि परातीत हात घालायला कुणाला वेळ उरला नाही. पाकीट काढायचं, उंडे सैल होऊ द्यायचे, लाटायचे, भाजायचे. ऐकायला सोपं. पण कणीक सावकाश गोठली की तिच्यात बर्फाचे मोठे खडे होतात, ते तिची ताकद तोडतात आणि पोळी फुगत नाही. त्यावर अनिरुद्धनं गार वाऱ्याचा बोगदा तयार केला. उंडा एका बाजूनं मऊ आत जायचा आणि दुसऱ्या बाजूनं दगड होऊन बाहेर पडायचा. बोगद्याच्या आधी त्याचंच दुसरं यंत्र होतं, उंडे वळणारं. कुठल्याही सुगरणीला जमणार नाही इतका गुळगुळीत उंडा ते वळायचं. आमचे मालक रंगनाथराव इतके खूश झाले, की पाकिटावर ठळक छापून घेतलं, ‘मानवी हाताचा स्पर्श नाही’.

चाचणीत सगळं जमलं, पण यंत्र कामाला लागायच्या आधीच अनिरुद्ध गेला. भोसरीहून एक सुटा भाग घेऊन इथं मांजरीला कारखान्यावर येत होता, सोलापूर रस्त्यावर ट्रकनं उडवलं. आमची मुक्ता तेव्हा जेमतेम बोलायला लागली होती.

दहाव्याला ओंकारेश्वरावर पिंडाला कावळा शिवेना. सासूबाई म्हणाल्या, “माझी काळजी करू नकोस रे.” रंगनाथरावांनी हात जोडले, “तुझं यंत्र मी चालू करतो, शब्द देतो.” मी म्हटलं, मुक्ताला मी सांभाळीन, तू जा. कावळे कठड्यावर बसून बघत राहिले, खाली एकही उतरला नाही. ऊन डोक्यावर आलं तसा गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि आम्ही सगळे खाली मान घालून घरी आलो. त्याला काय हवं होतं ते मला कळलंच नाही. माणूस गेल्याच्या दुःखापेक्षा ते दुःख मोठं होतं माझ्यासाठी.

मी इथं अन्नतंत्रज्ञ म्हणून आधीपासून होतेच. रंगनाथरावांनी शब्द पाळला, यंत्र चालू झालं, पाकिटं दुकानांत गेली. आणि लगेच तक्रारी. पोळी फुगत नाही, वातड होते, चव म्हणून लागत नाही. मी पीठ तपासलं, पाणी तपासलं, बोगद्याचं तापमान तपासलं. कुठं काही चुकत नव्हतं. फक्त खराब निघणारी पाकिटं कोल्ड रूमच्या अगदी आतल्या मांडणीवरची असायची. बाहेरून धड, सीलबंद, आणि आतली कणीक भुशासारखी निःसत्त्व.

उंडे बोगद्यात सोडायच्या कामावर मांजरीच्या सुंदराबाई आहेत. एकदा त्या माझ्या टेबलापाशी येऊन उभ्या राहिल्या.

“ताई, घरी कणीक मळून झाली की वर चार बोटं उमटवता का न्हाई?”

“उमटवते. आई उमटवायची म्हणून.”

“ती कशापायी? बिनबोटाचा गोळा म्हंजी पिंड. ज्याचं काय ऱ्हायलंय, त्यो येतो खायाला. आन् हितं तर खोली भरून मांडल्यात.”

मी हसले. “अहो, उणे अठराला भूतसुद्धा कुडकुडेल.”

“त्येच म्हंते मी,” सुंदराबाई म्हणाल्या. त्या हसत नव्हत्या.

पुढच्या गुरुवारची गोष्ट. गुरुवारी इथल्या औद्योगिक वसाहतीत वीज नसते, कारखान्याला सुट्टी असते, कोल्ड रूम तेवढी जनरेटरवर चालते. तापमान ठीक आहे ना, एवढंच बघायला मी दुपारी आले. बाहेर वैशाखाचं ऊन मी म्हणत होतं. जाड कोट चढवून आत गेले. आतल्या पंख्यांची घरघर चालू होती. पाइपांवरचं बर्फ सुटावं म्हणून ते मधूनमधून आपोआप थांबतात, तसे थांबले. एकदम शांत झालं. बल्बचा पिवळट उजेड आतल्या मांडणीपर्यंत पोचत नव्हता, तिथं नुसता काळोख होता.

त्या गारठ्यात नाकाला वास येत नाही. मला आला. यंत्राचं तेल आणि चंदनाचा साबण.

मग आवाज आला. कुणीतरी चावत होतं. सावकाश, दाताखाली दगड यावा तसं. कट्‌ असा आवाज व्हायचा आणि मग बराच वेळ नुसता श्वास... पुन्हा कट्‌...

पळून जावं असं वाटलं, खोटं कशाला बोलू? पण तो वास मी कुठंही ओळखला असता.

“अनिरुद्ध...?”

चावणं थांबलं.

“कल्याणी... फार गार आहे गं... फार गार...”

पंखे पुन्हा घरघरले. मी बाहेर उन्हात येऊन बसले आणि ढसाढसा रडले. भीतीनं नाही. मला तो सापडला होता.

त्यानंतर मी एकही गुरुवार चुकवला नाही. पंखे थांबायची वाट बघायची आणि मग बोलत राहायचं. मुक्ता शाळेत जायला लागली, चित्रात तुला टोपी घालते, सगळं सांगायची. तो कधी उत्तर द्यायचा नाही. मुक्ताचं नाव निघालं की चावणं थांबायचं, एवढंच. शेवटी मात्र तेच म्हणायचा... “गार आहे गं...”

इकडं तक्रारी वाढत गेल्या. दोघी बायकांनी आतून आवाज ऐकला आणि काम सोडलं. रंगनाथराव उंडे वळायचं यंत्र भंगारात काढायच्या गोष्टी करू लागले. तरी मी गप्प. मग सुंदराबाईंनीच मला गाठलं.

“ताई, तुमचं सायेब येत्यात ना आत?”

मी समोरची पाकिटं मोजत राहिले.

“तुमचा जीव मला कळतो. माझा बी मालक गेलाय. पन तुमी त्यांना बर्फात बसवून ठिवलंय ओ. जीत्या मानसाला तरी कुनी असं बसवंल का?”

ते वाक्य काळजात रुतलं. मी तशीच रंगनाथरावांकडं गेले आणि म्हटलं, उंडे बोगद्यात जायच्या आधी बायका त्यांच्यावर बोटं उमटवतील.

“छान,” ते म्हणाले. “मग पाकिटावर काय छापू? ‘सुंदराबाईंचा हात लागलेला आहे’?”

“छापा,” मी म्हटलं. “पोळी फुगली तर लोक ते पण वाचतील.”

पहिल्या उंड्यावर बोटं मी उमटवली. मनात म्हटलं, ‘हे तुझं नाही रे. तू ऊठ आता.’ त्यानंतर पोळ्या फुगू लागल्या, तक्रारी थांबल्या. गुरुवारी आत गेले, पंखे थांबले, आणि आत थंडीशिवाय काहीही नव्हतं. मी हाक मारली, पुन्हा मारली. माझ्याच श्वासाची वाफ समोर दिसत होती. तो दुसऱ्यांदा गेला, आणि या वेळी मी घालवला होता.

तिथंच संपायला हवं होतं. पण मन मोठं लबाड असतं. त्याच संध्याकाळी घरी कणीक मळली, एक उंडा वळला, तळहातानं गुळगुळीत केला आणि बोटं उमटवली नाहीत. फ्रीजमध्ये नाही ठेवला. ओट्यावर, शेगडीच्या उबेला ठेवला. म्हटलं, यायचंच असेल तर घरी ये. इथं गार नाही.

सकाळी बघते तर ऐन उकाड्यात उंड्यावर बर्फाची पांढरी भुरी साचलेली. कुणी चावलेला नव्हता. हातही लावलेला नव्हता. म्हणजे तो खायला आलाच नव्हता.

मी धावत आतल्या खोलीत गेले. मुक्ता गाढ झोपली होती, उताणी, पंखा चालू, केस घामानं कपाळाला चिकटलेले. मी वाकून तिचे पापे घेतले. तिचा एक गाल गरम होता.

दुसरा बर्फासारखा गार.