कोऱ्या पानावरची सही

घोडेगावच्या जनावरांच्या बाजाराचा दिवस. भार्गवीची स्कूटी एका नव्या गाईपुढे अडली होती. हॉर्न वाजवून ती रडकुंडीला आली, तेव्हा दावं धरलेला तरुण हसला.

“ती हॉर्नला न्हाई भ्यायची, बाई. गोड बोलून बघा.”

“गाईशी?”

“मग... माझ्याशी बोला!”

हा गहिनीनाथ. पुतणीचा पालक म्हणून ती शिकवायची त्याच वस्तीशाळेच्या व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष निघाला. शाळा अकरा पोरांची. सुधारणेत लोकांचा सहभाग हवा, असं सरकार म्हणतं. पण कांदा काढणीला आल्यावर बैठकीला फिरकतो कोण? मग ठरावांचं रजिस्टर घेऊन भार्गवीच घरोघर फिरायची. आधी कोऱ्या पानावर सह्या, ठराव मागाहून. तिची फेरी लांबावी म्हणून गहिनीनाथ मुद्दाम पेन शोधत बसायचा, आणि तिलाही घाई नसायची.

“आज कशाचा ठराव?”

“कुंपणाच्या भिंतीचा. मजकूर केंद्रप्रमुख साहेब लिहिणार आहेत...”

“तुमी आनलंय ना? बास.” त्याने तिच्याकडे बघतच सही केली. ती लाजली... आणि रजिस्टर केंद्रप्रमुखांकडे देऊन आली.

साहेबांनी त्या पानावर लिहिलं – पट कमी आहे, शाळा हायवेपलीकडच्या, चार किलोमीटरवरच्या शाळेत विलीन करण्यास पालकांची हरकत नाही.

ग्रामसभेत वस्ती खवळली. “उसाच्या ट्रकांतून पोरी हायवे वलांडतील व्हय रे?” शाळेतल्या एका पोरीची आजी, झुंबरबाई, गहिनीनाथच्या अंगावर धावून गेली. “अध्यक्ष म्हनून सही कुनाची हाय ही?”

पान कोरं होतं म्हटलं असतं, तर ठराव तिथंच फिरला असता. पण भार्गवीच्या नोकरीवर गदा आली असती. त्याने एकदाच तिच्याकडे पाहिलं.

“माझीच हाय. वाचून केली.”

लोकांनी त्याची लाज काढली. भार्गवीच्या ओठांवर खरं आलं होतं... साहेब समोर बसले होते. तिने ते गिळलं.

दुसऱ्या दिवशी ती त्याच्या गोठ्यापाशी गेली. ‘माझं प्रेम आहे तुमच्यावर,’ हे वाटभर घोकत.

तो धार काढत होता. त्याने वर पाहिलं नाही. “बाई, मी खोटं बोललो ते तुमच्यासाठी. तुमी गप बसला... ते कुनासाठी?”

तो चिडला असता तरी तिला बरं वाटलं असतं. घोकलेलं ती कुठल्या तोंडानं बोलणार? आली तशी परतली.

जूनमध्ये शाळेला कुलूप लागलं. गहिनीनाथ पुतणीला रोज हायवेपलीकडे सोडून येतो. वस्तीत त्याला कुणी चहाला बोलावत नाही. भार्गवीची राहुरीकडे बदली झाली. नोकरी शाबूत आहे.